एकी सातबाऱ्यापाशी अडते

उदगीरकडचा ख्रिस्ती मेथडिस्ट का, जालन्याचा मूळचा प्रेस्बिटेरियन का आणि औरंगाबादचा अँग्लिकन का, याचं उत्तर बायबलात शोधून सापडणार नाही. ते मिशनांच्या नकाशात आहे. एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशनांनी आपसात एक समजूत करून घेतली होती. ज्या मुलखात एकाचं काम चालू आहे, तिथे दुसऱ्याने शिरायचं नाही. हेतू वाईट नव्हता. माणसं थोडी, पैसा थोडा आणि मुलूख अफाट. एकाच गावात दोन शाळा काढून भांडत बसण्यापेक्षा वाटून घेतलेलं बरं. त्या वाटणीत अहमदनगर अमेरिकन मराठी मिशनकडे गेलं, जालना स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडे, औरंगाबाद इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीकडे. बिदरच्या बाजूने अमेरिकन मेथडिस्ट आले, मेदक-निजामाबादच्या बाजूने इंग्लंडचे वेस्लियन मेथडिस्ट. कॅथलिक या समजुतीत नव्हतेच. त्यांचे फ्रान्सालियन फादर 1892 पासून घोगरगावात ठाण मांडून होते. नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा या सगळ्या मुलखांच्या कडेला पडला.

म्हणून मराठवाड्यातल्या ख्रिस्ती एकीचा विचार करताना एक गोष्ट आधी स्वच्छ सांगायला हवी. इथल्या बहुतेक ख्रिस्ती घरांच्या पूर्वजांनी पंथ निवडलेला नाही. ल्यूथरचं पोपशी काय बिनसलं, इंग्लंडच्या राजाने रोमशी का मोडलं, वेस्लीच्या माणसांना अँग्लिकनांतून बाहेर का पडावं लागलं, याच्याशी दुष्काळाच्या वर्षांत गावकुसाबाहेर राहणाऱ्या माणसाचा काय संबंध? त्याने येशू निवडला, मुलांसाठी शाळा निवडली, आपल्याला ओट्यावर बसवून घेणारा पाळक निवडला. पंथ त्याला तालुक्याप्रमाणे मिळाला. पुढे 1956 च्या राज्य पुनर्रचनेत निजामाच्या बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखात आले, बिदर कर्नाटकात गेलं, नांदेड जिल्ह्यातलं मुधोळ आणि देगलूर तालुक्यातला बिचकुंदा-जुक्कलचा भाग आंध्रात गेला. नातीगोती अलीकडे-पलीकडे राहिली आणि मंडळ्यांच्या हद्दीही.

ही वाटणी नेहमी पाळली गेली असंही नाही. 1870 च्या दशकात नगर जिल्ह्यात अँग्लिकनांची एसपीजी मिशन उतरली, तेव्हा अमेरिकन मिशनऱ्यांनी उघड तक्रार केली. एका मिशनने शिस्तभंगासाठी बाहेर काढलेल्या माणसाला दुसरीचं दार उघडं सापडू लागलं. शाळामास्तर, पगार, जमिनीचा तुकडा, नात्यातल्या कुरबुरी, अशा कारणांनी वस्त्याच्या वस्त्या इकडून तिकडे गेल्या. गोदाकाठच्या एकेका गावात दोन-तीन चर्चं दिसतात, त्यामागे अशा गोष्टी आहेत. त्यांना सिद्धांताचा वाद म्हणणं हा सिद्धांताचा अपमान आहे.

दुसऱ्याच्या घरचं हे भांडण आपण का डोक्यावर घ्यावं, असा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसांना फार लवकर पडला होता. जालन्याचे रेव्हरंड नारायण शेषाद्री 1873 मध्ये न्यू यॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेला गेले होते. वेगवेगळ्या प्रोटेस्टंट पंथांनी एकत्र यावं म्हणून भरलेली ती परिषद. जालन्याजवळ निजामाच्या मुलखात बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवणारा पागोटेवाला ब्राह्मण पाळक तिथे भाषण करतो, याचं अमेरिकेला मोठं अप्रूप वाटलं. पण त्या परिषदेची खरी गंमत वेगळीच. तिथे निरनिराळ्या पंथांच्या लोकांनी एकत्र प्रभुभोजन घेतलं, त्यावरून अँग्लिकनांत गहजब झाला, एका बिशपने आपलं चर्च सोडलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक नवाच पंथ स्थापन झाला. एकीच्या परिषदेतून आणखी एक फळी निघाली. एकीच्या इतिहासात असे प्रकार पुष्कळ आहेत, आणि ते विसरू नयेत.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या अँग्लिकन मठात झाला. तिथे पोचल्यावर त्यांना दिसलं की ख्रिस्ती धर्म म्हणजे एक घर नसून गल्ली आहे आणि प्रत्येक दारातून हाक येते आहे. त्यांचा आणि त्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार 1977 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तो वाचताना रमाबाईंचा ताठ कणा जाणवतो. बायबल मी वाचेन, माझा विवेक मी वापरेन, तुमच्या चर्चचा शिक्का हवाच असं मला वाटत नाही, हा त्यांचा सूर. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी सगळ्या पंथांच्या माणसांना कामाला घेतलं आणि स्वतः एकाही पंथाची पाटी लावली नाही. पंथांबद्दल मराठी ख्रिस्ती मनाने केलेलं हे पहिलं मोठं बंड, आणि ते एका बाईने केलं.

दुसरं बंड रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, मग नगरला अमेरिकन मिशनमध्ये दोन दशकांहून अधिक नोकरी, ‘ज्ञानोदया’चं काम, आणि 1917 मध्ये पगारावर पाणी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’. या दरबारात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती आणि न झालेल्यांनाही. ख्रिस्ताला गुरू मानणारा तो आपला, एवढीच अट. परदेशी पैसा नको, परदेशी पंथ नको. आज शंभराहून अधिक वर्षांनी या अटी वाचल्या तरी एखाद्या डायोसिसच्या बैठकीत खळबळ उडेल. 9 मे 1919 ला टिळक गेले आणि दरबार मूळ धरण्याआधीच विस्कटला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ पुरं केलं, ‘स्मृतिचित्रे’ लिहिली; पण दरबार चालवणारं कुणी निघालं नाही. सगळा डोलारा एका माणसाच्या तेजावर उभा राहिला की असंच होतं.

टिळकांना जे संघटनेने साधलं नाही ते त्यांच्या पदांनी साधलं. रविवारी सकाळी नांदेड-लातूरकडच्या कोणत्याही जुन्या मराठी मंडळीत जाऊन बसा. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर ‘उपासना संगीत’ असतं. कडा मळलेल्या, मधली पानं सुटून दोऱ्याने शिवलेली. पाळक क्रमांक सांगतात. ती पान उलटत नाही, कारण पद पाठ असतं. तबला-पेटी सुरू होते आणि टिळक नाहीतर कृष्णराव सांगळे गळ्यातून वाहू लागतात. हे दोघे अमेरिकन मिशनच्या मुशीतले, म्हणजे काँग्रिगेशनल. गाणारी मंडळी मेथडिस्ट असेल, अँग्लिकन परंपरेतली असेल, बाहेर ‘स्वतंत्र’ अशी पाटी लावलेली असेल. कुणालाही त्याचं काही वाटत नाही. टिळकांची पदं कॅथलिक मिस्सेतही शिरली आहेत. एकीची एकही समिती बसली नाही, मसुदा झाला नाही, मतदान झालं नाही, आणि तरी मराठी ख्रिस्ती समाजाची सर्वांत पक्की एकी हीच आहे. अभंगाच्या चालीवर ती झाली, हे ओघानेच आलं. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक सांगत, आणि त्या वाटेवर मेथडिस्टांसाठी वेगळा फाटा नव्हता.

बायबलच्या बाबतीत असंच घडत आलं आहे. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ कॅथलिक धर्मगुरूने केलेलं. ते प्रोटेस्टंट घरांतही वाचलं जातं. 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादला, म्हणजे मराठवाड्यातच, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी दिब्रिटो होते. त्या मानाच्या जागी बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. त्या वेळी त्यांना बाहेरून धमक्या आल्या, विरोध झाला. विरोध करणाऱ्यांनी ते कॅथलिक की प्रोटेस्टंट, हे विचारलं नव्हतं.

आता कागदावरच्या एकीकडे येऊ. दक्षिणेत 27 सप्टेंबर 1947 ला मद्रासमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया, म्हणजे सीएसआय, झालं आणि बिशप मानणारे व न मानणारे जगात पहिल्यांदा एका चर्चमध्ये आले. उत्तरेत याला आणखी तेवीस वर्षं लागली. बोलणी 1929 पासून चालू होती. अखेर 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे सीएनआयची, स्थापना झाली. अँग्लिकन, 1924 मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मिळून झालेलं युनायटेड चर्च, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट असे सहा प्रवाह त्यात आले.

या एकीकरणातल्या दोन तडजोडी मला फार शहाणपणाच्या वाटतात. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की मोठेपणी विश्वास कबूल केल्यावर, या प्रश्नावर युरोपात माणसं बुडवून मारली गेली होती. नागपूरने दोन्ही पद्धती एका छताखाली मान्य केल्या. दुसरं, कुणाची दीक्षा खरी या वादावर तोड म्हणून सगळ्या पाळकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि त्या कृतीचा नेमका अर्थ देवावर सोडला. कुणाला यात लबाडी दिसते. मला वाटतं, ज्या प्रश्नाचं उत्तर माणसांना एकमेकांना देता येत नाही तो असाच सोडवावा.

पण ऐन वेळी अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बाहेर राहिले. वर्षानुवर्षं बोलणी करून, मसुदे घासून झाल्यावर त्यांनी 1970 मध्ये पाय मागे घेतला. 1981 मध्ये ते स्वायत्त मेथडिस्ट चर्च इन इंडिया झाले. मराठवाड्यावर त्याचा परिणाम सरळ झाला. जालन्याची स्कॉटिश परंपरा आणि औरंगाबादची अँग्लिकन परंपरा सीएनआयच्या मराठवाडा धर्मप्रांतात एक झाल्या. बिदरच्या अंगाची परंपरा वेगळीच राहिली. तिकडे निजामाबाद तर 1947 पासून सीएसआयच्या मेदक धर्मप्रांतात. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत 1977 मध्ये झाला. देगलूर मधे धरून शे-सव्वाशे किलोमीटर फिरलं की उत्तरेची एकी, दक्षिणेची एकी, एकीबाहेर राहिलेले आणि रोमचे असे सगळे भेटतात. लोक मात्र एकमेकांचे व्याही, साडू आणि मावसभाऊ असतात.

मेथडिस्टांना यासाठी दोष देण्याची पद्धत आहे. मी देणार नाही. आपल्या बिशपची निवड, पाळकाच्या बदल्या आणि मिशनच्या संस्था यांचं काय होईल ही त्यांची धास्ती अनाठायी नव्हती, असं पुढच्या पन्नास वर्षांनी दाखवलं. कारण सीएनआयची एकी उपासनेत बसली तरी सातबाऱ्यावर बसली नाही. मिशनांच्या जमिनी, बंगले, शाळा, दवाखाने वेगवेगळ्या ट्रस्टांच्या आणि सोसायट्यांच्या नावे होते. चर्च एक झालं म्हणून ट्रस्ट आपोआप एक होत नाही. सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे, सोसायटी विसर्जित करण्याची रीत आहे, धर्मादाय आयुक्तांकडचा बदल अर्ज आहे. गुजरातेतल्या ब्रदरेन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 2013 मध्ये न्यायालयाने सांगितलं की एकीकरणाचा ठराव झाला तरी सोसायटीचं विसर्जन कायद्याप्रमाणे न झाल्याने मालमत्ता सीएनआयकडे आपसूक जात नाही. निकाल गुजरातचा, पण त्याने महाराष्ट्रातल्या कित्येक कमिट्यांची झोप उडवली. तोवर शहरांच्या मधोमध असलेल्या मिशन कंपाउंडांचे भाव गगनाला भिडले होते. आज मंडळीत दोन तट पडले, एका चर्चला दोन कमिट्या झाल्या, रविवारी पोलीस बंदोबस्त लागला असं ऐकलं की मी आधी विचारतो, जागा किती एकर आहे? उत्तरावरून बहुतेक वेळा भांडण कळतं.

याहून जुनी एक भिंत आहे, तिच्याबद्दल व्यासपीठावर कमी आणि लग्न जमवताना जास्त बोललं जातं. मराठवाड्यातले ख्रिस्ती प्रामुख्याने महार आणि मांग समाजांतून आले. प्रभूच्या मेजावर एकाच प्याल्यातून पिणारी घरं सोयरिकीची वेळ आली की मूळ विचारतात. मुलगा मेथडिस्ट असला आणि मुलगी सीएनआयची असली तरी अडत नाही. दुसऱ्या जातीतला असला की अडतं. सगळे पंथ उद्या एक झाले तरी ही फट तशीच राहील. एकीचे जाहीरनामे मुख्यतः युरोपातल्या वादांवर बोलतात आणि गावातल्या वादावर गप्प राहतात, ही या चळवळीबद्दलची माझी सर्वांत मोठी तक्रार आहे.

गंमत अशी की याच जातीच्या प्रश्नाने पंथांना सर्वांत जवळही आणलं. 10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती व मुस्लिम दलित बाहेरच राहिले. 10 ऑगस्टला काळा दिवस पाळताना कॅथलिक बिशप परिषद आणि नागपूरला मुख्यालय असलेली राष्ट्रीय चर्च परिषद एकत्र असतात. 2022 मध्ये केंद्राने न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, तेव्हाही मागणी एकच होती. सवलतीसाठी कागदावर हिंदू आणि रविवारी ख्रिस्ती असं दुहेरी जगणाऱ्या घरांची ओढाताण दोन्हीकडे सारखीच आहे.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत चित्र आणखी पालटलं. नांदेड, लातूर, उदगीर, अहमदपूर, कुठेही जा. जुन्या चर्चच्या जोडीला भाड्याच्या हॉलमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये, कुणाच्या तरी माडीवर चालणाऱ्या स्वतंत्र प्रार्थनासभा दिसतात. पाळक ‘पास्टर’ असतो, कमिटी नसते, दशांश त्याच्याकडे जातो. जुन्या मंडळ्या म्हणतात, आमची मेंढरं चोरली. यात तथ्य आहे, पण मेंढरांना चारा मिळत होता का हेही विचारायला हवं. आजारी बाईच्या घरी रात्री अकरा वाजता प्रार्थनेला जाणारा हा पास्टरच असतो. कमिटीच्या निवडणुकीत गुंतलेला जुना पाळक पोचत नाही. मात्र एक गोष्ट या नव्या मंडळ्यांनी सोडावी असं आग्रहाने म्हणावंसं वाटतं. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या माणसाला पुन्हा तलावावर नेऊन बाप्तिस्मा देणं म्हणजे त्याच्या आई-बापांचा विश्वास खोटा ठरवणं आहे. घर फुटतं ते तिथे.

संकटात एकी होते, हे खरं. किल्लारीच्या 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात पहाटे चारच्या सुमारास गावंच्या गावं मातीखाली गेली, तेव्हा मदतीला आलेल्यांत प्रोटेस्टंट चर्चांची ‘कासा’ होती आणि कॅथलिकांची कारितासही. ढिगारे उपसताना पंथ विचारला जात नाही. पण मदतीचं काम संपलं की प्रत्येक जण आपापल्या घरी जातो. भीतीतून आलेल्या एकीचंही तसंच. प्रार्थनासभेवर हल्ला झाला की सगळे पाळक कलेक्टर कचेरीत एकत्र निवेदन देतात. पुढच्या आठवड्यात एकमेकांच्या व्यासपीठावर जात नाहीत.

जगात बरंच पाणी वाहून गेलं आहे. 1964 मध्ये व्हॅटिकन परिषदेने इतर ख्रिस्ती मंडळ्यांना बंधू मानलं. ज्या मुद्द्यावरून सोळाव्या शतकात युरोप फुटला त्यावर 1999 मध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. ही बातमी आपल्याकडच्या किती मंडळ्यांत रविवारी वाचून दाखवली गेली असेल, कोण जाणे.

मग एकीचं मोल कशात? ‘आपण एक झालो तर ताकद वाढेल’ हे वाक्य नाताळच्या संयुक्त कार्यक्रमात हमखास ऐकू येतं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती 10,80,073, म्हणजे एक टक्क्याच्या आत. नांदेड-लातुरात तर अर्ध्या टक्क्याच्याही आत. एवढ्यांची मोट बांधून कुठली जागा निवडून येणार आहे? योहानाच्या सतराव्या अध्यायातली येशूची प्रार्थना वाचली तर तिथे ताकदीचा विषयच नाही. शिष्य एक असावेत ते जगाला विश्वास बसावा म्हणून. शेजारच्या गल्लीतला माणूस तुमचा जाहीरनामा वाचत नाही. तुमची मयत कशी होते, ते तो पाहतो.

आणि मयतीपाशीच परीक्षा होते. लहान शहरात दफनभूमी बहुधा एकच, जुन्या मिशनच्या नावावर. नोकरीनिमित्त नांदेडला आलेलं, कोणत्याच मंडळीत नाव न घातलेलं कुटुंब असतं. घरातलं माणूस जातं आणि मुलगा दुपारी या कमिटीकडून त्या कमिटीकडे फिरतो. सभासद आहात का, वर्गणी भरली का, पत्र आणलं का? अशी वेळ एका घरावर आली तरी पाच वर्षांचे संयुक्त नाताळ पाण्यात जातात. उलट, परक्या पंथाच्या पाळकाने येऊन कबरीपाशी प्रार्थना केली, महिला मंडळाने त्या घरी डबा पोचवला, तर गावाला त्याहून मोठी साक्ष नको.

माझं मत विचाराल तर मराठवाड्याला आता आणखी एका महाचर्चची गरज नाही. पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर नवं एकीकरण म्हणजे नवे दावे. संस्था वेगळ्या राहोत, बिशप वेगळे राहोत, पद्धतीही. दरवर्षी 18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा पाळला जातो. नांदेड आणि लातूरच्या पॅस्टोरेट कमिट्यांना, फादरांना आणि पास्टरांना एवढीच विनंती आहे की येत्या जानेवारीआधी एकत्र बसून दोन ओळींचा ठराव करावा आणि तो आपापल्या नोटीस बोर्डावर लावावा: एकमेकांच्या बाप्तिस्म्याचा दाखला आम्ही मान्य करू, आणि दफनभूमीत जागा देताना पंथ, सभासदत्व व वर्गणी विचारणार नाही.